घोडीचा माज, गाईचे इंजेक्शन

बेलापूर : रेल्वेच्या नोंदीत 'बेलापूर' या नावाने ओळखले जाणारे दौंड-मनमाड मार्गावरील स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे. मूळ बेलापूर गाव तेथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी वसले आहे. नवखा प्रवासी पाटीवर विसंबतो आणि भलत्याच गावी उतरतो. घोडी गाभण राहावी म्हणून संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन पाहणाऱ्या मालकाचेही अनेकदा असेच होते. बाटलीवरील नाव ओळखीचे असते, औषधही अस्सल असते. मात्र ते ज्या जनावरासाठी, ज्या मात्रेत आणि ज्या वेळेसाठी ठरवलेले असते, ते जनावर समोर नसते. समोर घोडी असते आणि औषध गाईचे असते.

असे का होते, हे समजण्यासाठी या भागाचे पशुधन पाहावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा हा राज्यातील आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. शेजारच्या राहुरी तालुक्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि 'फुले त्रिवेणी' ही गीर, होल्स्टिन व जर्सी यांच्या संकरातून तयार झालेली गाय याच विद्यापीठाची देणगी. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'ने कृत्रिम रेतन गोठ्याच्या दारापर्यंत नेले आणि पुढे शासकीय दवाखाने, दूध संघ व खासगी रेतन सेवक यांचे जाळे उभे राहिले. आज गाय माजावर आली की एका दूरध्वनीवर द्रवरूप नायट्रोजनची टाकी बांधलेली दुचाकी दारात येते. गाय वारंवार उलटत असेल, तर कोणते इंजेक्शन कितव्या दिवशी द्यायचे याचे वेळापत्रक रेतन सेवकाला तोंडपाठ असते. ही व्यवस्था दोन पिढ्यांच्या कष्टातून उभी राहिली आहे. तिच्यात घोडीला मात्र कधीच जागा नव्हती.

घोड्या तर आहेत. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील घाटांवर होणाऱ्या बैलगाडा शर्यतींत बैलांच्या पुढे घोडी धावते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जवळपास साडेसात वर्षांच्या खंडानंतर घाट पुन्हा गजबजले आणि चपळ घोडीला पुन्हा मोल आले. त्याखेरीज लग्नाची वरात, गावची मिरवणूक, उसाच्या पैशातून हौसेने पाळलेली मारवाडी किंवा काठेवाडी घोडी हे सर्व आहेच. अशा घोडीपासून एक शिंगरू मिळावे, ही मालकाची स्वाभाविक इच्छा असते. घोडी भरवली जाते, एकवीस-बावीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते, पुन्हा भरवली जाते, पुन्हा उलटते. मग गोठ्यावर नेहमी येणाऱ्या माणसाला विचारले जाते आणि तो त्याच्या पिशवीत असलेले औषध देतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याला जे शिकवले गेले, ते गाईबद्दल शिकवले गेले.

घड्याळ निराळे

गाईचा माज साधारण अठरा तासांचा असतो आणि माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज सुटते. म्हणूनच सकाळी माज दिसला की संध्याकाळी रेतन, हा गोठ्यातील सोपा नियम. घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि स्त्रीबीज माज संपण्याच्या २४ ते ४८ तास आधी, म्हणजे माज चालू असतानाच सुटते. माजाच्या पहिल्या दिवशी घोडी भरवून मालक निर्धास्त झाला, तर बीज सुटेपर्यंत शुक्राणूंचे बळ संपलेले असते. गाईचा नियम घोडीला लावल्यास नेमके असेच घडते. म्हणूनच माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माज संपेपर्यंत एक दिवसाआड घोडी भरवण्याची जुनी पद्धत आजही त्याहून अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

दुसरा फरक ऋतूचा. गाय बारमाही माजावर येते. घोडी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठा होऊ लागला की डोळ्यांमार्फत मेंदूला त्याची वर्दी मिळते, रात्री स्रवणारे मेलॅटोनिन कमी होते आणि हिवाळ्यात झोपी गेलेली बीजांडे जागी होतात. बेलापूरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. युरोपात हा फरक कितीतरी मोठा, त्यामुळे तेथील घोड्यांचा ऋतू अधिक काटेकोर. आपल्याकडील काही घोड्या हिवाळ्यातही माज दाखवतात. मात्र, ज्या घोडीने थंडीचे महिने उसाच्या वाढ्यावर काढले आणि जिच्या बरगड्या मोजता येतात, तिचे बीजांड उशिरानेच जागे होते. येथे औषधापेक्षा खुराक आधी लागतो, हे कटू असले तरी खरे आहे.

सर्वाधिक फसगत होते ती हिवाळा आणि उन्हाळा यांच्या सांध्यावर. या काळात घोडी दहा-पंधरा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ माज दाखवते. शेपटी वर करते, वळू घोड्याला जवळ येऊ देते. पण बीज पिकलेलेच नसते. मालकाला वाटते, माज एवढा जोरात आहे आणि घोडी तरी ठरत नाही, म्हणजे दोष मोठा असणार. प्रत्यक्षात दोष काहीच नसतो, फक्त वेळ आलेली नसते. अशा घोडीला बीज सोडवणारे इंजेक्शन दिले तरी उपयोग होत नाही, कारण सोडवायला बीज तयार नसते. पैसे जातात, वळूमालकाचे शुल्क जाते आणि घोडीवर 'वांझ' असा शिक्का बसतो तो कायमचा.

औषध काय करते, काय करीत नाही

प्रजननासाठी वापरली जाणारी संप्रेरके ही घड्याळाचे काटे मागे-पुढे करणारी साधने आहेत. बंद पडलेले घड्याळ त्यांनी सुरू होत नाही. हा भेद विसरला की नुकसान सुरू होते.

गोठ्यात सर्वाधिक वापरात असलेले प्रोस्टाग्लँडिन घ्या. बीज सुटल्यानंतर बीजांडावर जो पीतपिंड तयार होतो, तो हे औषध विरघळवते आणि जनावर तीन-चार दिवसांत पुन्हा माजावर येते. घोडीतही ते उत्तम काम करते, पण बीज सुटल्याला किमान पाच दिवस झालेले असावे लागतात. हिवाळ्यात झोपलेल्या बीजांडावर पीतपिंडच नसतो. तेथे हे औषध म्हणजे कुलूप नसलेल्या दाराला किल्ली. मात्रेचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. डायनोप्रोस्ट या औषधाची गाईची मात्रा २५ मिलिग्रॅम, तर घोडीला ५ मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. गाईची पूर्ण मात्रा टोचल्यास घोडीला घामाच्या धारा लागतात, पोटात कळा येतात, पाय डळमळतात. योग्य मात्रेतही थोडा घाम येतोच. तो तासाभरात ओसरतो. पण पाचपट मात्रेनंतर रात्री घोडी लोळू लागली, तर ती पोटशूळाने लोळते की इंजेक्शनाने, हे ओळखणे कठीण होते.

खरी शोकांतिका घोडी आधीच गाभण असेल तेव्हा घडते. काही घोड्या गाभणपणातही माजासारखी लक्षणे दाखवतात. 'उलटली' असे समजून प्रोस्टाग्लँडिन दिले की वाढता गर्भ जातो. हे ३५ दिवसांच्या आत घडले तर घोडी लवकर माजावर येऊन त्याच हंगामात पुन्हा भरवता येते. त्यानंतर घडले, तर मात्र वर्ष हातचे गेले असे समजावे. कारण साधारण ३५ ते ४० दिवसांदरम्यान गर्भाच्या पेशी घोडीच्या गर्भाशयात रुजून वाटीसारख्या छोट्या ग्रंथी तयार करतात. गर्भ गेला तरी या वाट्या सुमारे चार महिन्यांपर्यंत संप्रेरक स्रवत राहतात. शरीराला वाटत राहते की आपण गाभण आहोत. रक्ताची तपासणीही तसेच सांगते. घोडी ना गाभण, ना रिकामी.

बीज सोडवण्यासाठी गाईला दिले जाणारे बुसेरेलिन घोडीत एका मात्रेने सहसा पुरत नाही. घोडीत खात्रीचे ठरते ते एचसीजी किंवा डेस्लोरेलिन. तेही बीजकोश ३५ मिलिमीटरच्या पुढे वाढल्याचे सोनोग्राफीत दिसल्यावर. मग ४८ तासांच्या आत बीज सुटते आणि एकदाच घोडी भरवून काम भागते. सोनोग्राफीशिवाय दिलेले हे इंजेक्शन म्हणजे अंधारात मारलेला दगड. लागला तर लागला.

गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत गैरसमज आणखी खोल आहे. गाईत आणि माणसांत गर्भ टिकवण्यासाठी आपल्याकडे हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. घोडीत मात्र ते गर्भ टिकवीत नाही, असे परदेशातील नियंत्रित प्रयोगांत दिसून आले आहे. घोडीच्या शरीरातील संबंधित ग्राहकाला ते नीट चिकटतच नाही. तेथे उपयोगी पडते ते तोंडाने द्यायचे अल्ट्रेनोजेस्ट. त्याचाही एक धोका आहे, जो घरातल्यांना सांगितलाच पाहिजे. हे तेलकट औषध त्वचेतून शोषले जाते. घोडीला औषध पाजणारी व्यक्ती स्त्री असेल, विशेषतः गरोदर असेल, तर तिने ते हाताळू नये. इतरांनीही हातमोज्यांशिवाय हाताळू नये. जनावरांचे खाणे-पिणे ज्या घरांत बहुधा बायकांकडेच असते, तेथे ही सूचना छोट्या अक्षरांत राहून चालणार नाही.

पिशवीतला दोष

वास्तविक, वारंवार उलटणाऱ्या घोड्यांपैकी मोठ्या गटाचा दोष संप्रेरकात नसतोच. तो गर्भाशयात, गोठ्याच्या भाषेत 'पिशवीत' असतो. नैसर्गिक समागमात वीर्य थेट गर्भाशयात पडते आणि त्याबरोबर जंतू व धूळही. त्यावर गर्भाशयाला सूज येणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तरुण घोडी एक-दोन दिवसांत ते सर्व बाहेर टाकून मोकळी होते. वय झालेल्या, अनेकदा व्यालेल्या घोडीचे गर्भाशय पोटात खाली लोंबते, स्नायू शिथिल होतात आणि द्रव आत साचून राहतो. गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतो तो साधारण सहाव्या दिवशी. तोपर्यंत आतली साफसफाई झाली नसेल, तर गर्भ डबक्यात उतरतो. अशा घोडीला माज आणणारी दहा इंजेक्शने दिली तरी ती दहा वेळा उलटेल.

अशा घोडीसाठी भरवल्यानंतर काही तासांनी दिलेली ऑक्सिटोसिनची लहान मात्रा, १० ते २० युनिट, गर्भाशय आकुंचित करून साचलेला द्रव बाहेर ढकलते. सलाइनने पिशवी धुण्याचाही उपयोग होतो. शहरी वाचकाला ऑक्सिटोसिन हे नाव दुधाच्या संदर्भात परिचित आहे. गाई-म्हशींना पान्हा सोडवण्यासाठी होणाऱ्या गैरवापरामुळे केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे हे जीवरक्षक औषध दुर्मीळ होईल, ही चिंता त्या निकालामागे होती. म्हणजे तेच औषध गोठ्यात दुरुपयोगाचे, प्रसूतिगृहात प्राण वाचवणारे आणि घोडीच्या बाबतीत, योग्य वेळी दिल्यास, साधे सफाईचे.

काही घोड्यांत दोष त्याहूनही साधा असतो. योनिद्वाराची ठेवण तिरपी झालेली असल्यास प्रत्येक पावलागणिक हवा आणि शेण आत ओढले जाते. त्यावर वरचा भाग शिवून घेण्याची छोटी शस्त्रक्रिया १९३७ पासून जगभर प्रचलित आहे. तिला संप्रेरकाचा एक थेंबही लागत नाही. लागतो तो शेपटी उचलून नीट पाहणारा डोळा.

व्याल्यानंतरचा एक फरक तर थेट जिवावर बेततो. गाईची वार अडकली तर बारा तास, कधी दिवसभर वाट पाहिली जाते आणि बहुतेक गाई निभावून जातात. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती तातडीची बाब समजावी. आत राहिलेल्या तुकड्याचे विष रक्तात भिनते, खुरांना सूज येते आणि चालती घोडी कायमची लंगडी होते किंवा दगावते. रात्री व्यालेल्या घोडीकडे 'सकाळी पाहू' म्हणणारा माणूस गाईच्या अनुभवावरून बोलत असतो. मात्र, सकाळी बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

घोडीचेच रक्त, गाईसाठी

या साऱ्यात एक विलक्षण विरोधाभास आहे. गाई-म्हशींत एकाच वेळी अनेक बीजे पिकवण्यासाठी, तसेच जगभरातील वराहपालनात मादी माजावर आणण्यासाठी वापरले जाणारे ईसीजी, म्हणजे पूर्वीचे पीएमएसजी, हे संप्रेरक गाभण घोडीच्या रक्तातून काढले जाते. वर उल्लेख केलेल्या त्या वाटीसारख्या ग्रंथींतूनच ते येते. अर्जेंटिना, उरुग्वे आणि आइसलँडमध्ये त्यासाठी गाभण घोड्यांचे कळप राखले गेले आणि त्यांच्या रक्तसंकलनावरून युरोपात मोठे वादही झाले. मात्र, हे औषध घोडीलाच टोचले तर तिच्या बीजांडावर त्याचा तसा परिणाम होत नाही. गाईत जे संप्रेरक अनेक बीजे पिकवते, ते घोडीत केवळ दुसऱ्याच एका संप्रेरकाची नक्कल करते. माणसांच्या रजोनिवृत्तीवरील एक जुने औषधही गाभण घोडीच्या मूत्रापासूनच तयार होते. घोडीने इतरांच्या प्रजननशास्त्राला इतके दिले. तिच्या स्वतःच्या वाट्याला गावात उधारीचे इंजेक्शन येते.

अज्ञान सर्वत्र आहे असेही नाही. बेलापूरपासून रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आत, पुण्याच्या परिसरात देशातील नामांकित स्टड फार्म आहेत. त्यांपैकी पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. तेथील निवृत्त घोडे सीरमनिर्मितीसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात आणि त्यातूनच सायरस पूनावाला यांना १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभारण्याची कल्पना सुचली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जात असल्याने वर्षाच्या आरंभीच शिंगरू जन्माला यावे, अशी सर्वांची धडपड असते. त्यासाठी उत्तर गोलार्धातील स्टड फार्मवर डिसेंबरपासूनच तबेल्यात रात्री दिवे लावून सोळा तासांचा दिवस तयार करतात. दोन महिन्यांत बीजांडे जागी होतात. मग सोनोग्राफी, मग आवश्यक असेल तरच संप्रेरक. या क्रमातच सारे यश दडले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की थरोब्रेड घोड्यांत आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कृत्रिम रेतनाला मनाई आहे; वळूकडे घोडी प्रत्यक्ष न्यावीच लागते. बेलापूरच्या मारवाडी घोडीला अशी कोणतीही मनाई नाही. तिला परवानगी आहे, सुविधा नाही.

दिव्याचा उपाय तर खेड्यातही अशक्य नाही. घोडीच्या ठाणावर वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड सूर्यास्तानंतर काही तास मिळाला तरी पुरतो. त्याला डॉक्टर लागत नाही, औषध लागत नाही. लागते ती सलग वीज, आणि ग्रामीण भागात ती संध्याकाळी किती वेळ असते हा प्रश्न निराळाच.

बाजारात भोवरे पाहतात

येवल्याचा घोडेबाजार, दत्तजयंतीच्या सुमाराचा सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातील खंडोबाचे माळेगाव, अकलूज या बाजारांतून राज्यातील घोड्या हातोहात फिरतात. गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे मोजतो, देवमण शोधतो, पंचकल्याणी आहे का पाहतो, दात उघडून वय ताडतो, चाल पाहतो. घोडी शेवटची केव्हा व्याली, किती वेळा उलटली, कोणती इंजेक्शने झाली, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच, आणि विचारले तरी लेखी उत्तर मिळण्याची सोय नाही. गाभण म्हणून विकलेली घोडी खरोखर गाभण आहे का, याची सोनोग्राफी बाजारातच पाच मिनिटांत करता येते. लाखांचे सौदे जेथे रूमालाखाली बोटे धरून ठरतात, तेथे एवढी तपासणी जड नसावी. परिणामी एका गावात बिघडलेली घोडी दुसऱ्या गावात 'चांगल्या लक्षणांची' म्हणून जाते आणि तोच उपचार पहिल्यापासून सुरू होतो.

यात रोगप्रसाराचाही धोका आहे. घोड्यांतून माणसालाही होऊ शकणारा ग्लँडर्स हा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणी येथे आढळला होता. एकाच वळूकडे दहा गावांच्या घोड्या येत असतील, तर त्या वळूची रक्ततपासणी झालेली असणे ही किमान अपेक्षा ठरते. घोडी नेण्याआधी ते प्रमाणपत्र मागण्याचा रिवाज मात्र अजून रुजलेला नाही.

योजना आली, यंत्र कुठे?

घोड्यांकडे शासनाचे लक्ष अलीकडे वळू लागले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. त्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. या जनावरांच्या उद्योजकांना ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान, तसेच वीर्य केंद्र व मूळ पैदास केंद्रासाठी केंद्राकडून १० कोटी रुपये अशी ती तरतूद आहे. त्याच सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने दख्खनच्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. राजा बढे यांच्या, २०२३ मध्ये राज्यगीत ठरलेल्या गीतात ज्या तट्टांचा उल्लेख येतो, ती ही जात. नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग भीमेच्याच खोऱ्यातला, त्यामुळे या मान्यतेचे येथे विशेष अप्रूप आहे.

हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तर त्याहून पुढची मजल मारली आहे. केंद्राच्या बिकानेर येथील विभागात १९ मे २०२३ रोजी भ्रूण प्रत्यारोपणातून देशातील पहिले मारवाडी शिंगरू जन्माला आले. त्याचे नाव 'राज-प्रथमा'. साडेसात दिवसांचा भ्रूण एका घोडीतून काढून दुसरीत सोडण्यात आला होता. वय झालेली किंवा गर्भ न टिकणारी उत्तम घोडी स्वतः न विता संतती देऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. तंत्र देशात आहे, माणसे आहेत, पैशाची तरतूदही आहे.

बिकानेर आणि बेलापूर यांच्यामधला दुवा मात्र तुटलेला आहे. तालुका पातळीवर घोडीची गुदाशयातून सोनोग्राफी करू शकणारा एक प्रशिक्षित पशुवैद्यक आणि एक सुटसुटीत यंत्र, एवढा तो दुवा. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची शिरवळ, परभणी, उदगीर येथेही महाविद्यालये आहेत. तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी बहुतेकांचे पुढचे आयुष्य गाई-म्हशींत जाणार, हे उघड आहे. पण हंगामाच्या चार महिन्यांत आठवड्यातून एक दिवस चार-पाच तालुक्यांसाठी एक अश्वचिकित्सा केंद्र चालवणे हे अवाढव्य काम नव्हे. अनुदानातून नवे तबेले उभे राहतील, त्यात चढ्या भावाच्या घोड्या येतील. तपासणीची सोय मात्र पूर्वीसारखीच राहिली, तर वांझ ठरवल्या जाणाऱ्या घोड्यांची संख्या तेवढी वाढेल.

तोवर मालकाच्या हाती आहे ते एक साधे टिपण. घोडी कोणत्या तारखेला माजावर आली, किती दिवस राहिली, कोणत्या दिवशी भरवली, कोणते औषध किती मात्रेत दिले. चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी होऊ शकली तर फार मोठे काम होते, कारण घोडीला जुळे मानवत नाही. दोन्ही गर्भ वाढू दिल्यास बहुधा दोन्ही जातात, कधी घोडीही जाते. सोळाव्या दिवसापर्यंत हे मटाराएवढे गर्भ गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असतात आणि तेव्हाच त्यांपैकी एक अलगद दाबून नाहीसा करता येतो. पुढे ते एकाच जागी रुतून बसले की हे काम अवघड होते.

गाभणकाळ अकरा महिन्यांचा. अधिक मास नसेल, तर होळीला भरवलेली घोडी पुढच्या महाशिवरात्रीच्या आगेमागे विते. माघ-फाल्गुनात बेलापूर परिसरातील ज्या घोड्या माज दाखवू लागतील, त्यांपैकी कित्येकींचे बीज चैत्रापर्यंत पिकणार नाही. त्यांना थांबू द्यावे, खुराक वाढवावा, जंत पाडून घ्यावेत. इंजेक्शनची सुई त्यानंतर, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर काही दिसले तरच.